प्लँटेड टँक: दर दीड महिन्याने परत येणारं काळं शेवाळ, आणि फिल्टर निवडताना नेमकं काय बघायचं

आधी माझ्या प्लँटेड टँकची, म्हणजे खऱ्या पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टँकची, माहिती देतो म्हणजे पुढचं कळेल. तीन फुटी टँक, ३६ बाय १८ बाय १८ इंच, काचेच्या मापाने १९१ लिटर होतात पण खाली सॉईल (झाडांसाठीची माती), मधे लाकूड आणि दगड, वर दोन बोटं रिकामी, त्यामुळे खरं पाणी साधारण १६० लिटर. मागे रोटाला आणि व्हॅलिस्नेरिया, मधे क्रिप्टो, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आहे, लाईट सात तास. मासे मोजकेच, पंधरा-सोळा टेट्रा, सहा कोरी आणि श्रिंप. फिल्टर कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा पाईपने जोडलेला बंद डबा, खोक्यावर लिहिलेलं ताशी १००० लिटर. म्हणजे कागदावर टँकचं पाणी तासाला सहा वेळा फिरायला हवं, आणि प्लँटेडला पाच ते दहा वेळा फिरलं की चांगलं असं सगळेच सांगतात, त्यामुळे फिल्टरवर मला कधी शंकाच आली नाही.

प्रॉब्लेम असा की दर पाच-सहा आठवड्यांनी तेच तेच व्हायचं. आधी पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ थर यायचा. मग अनुबियासच्या पानांच्या कडेला काळे केस, म्हणजे ते काळं दाढीसारखं शेवाळ, बोटाने चोळलं तरी सुटत नाही ते. मग एक दिवस सकाळी लाईट लागायच्या आधी बघितलं की सगळे टेट्रा वर तोंड काढून उभे. मी घाबरून ५० टक्के पाणी बदलायचो, फिल्टर उघडून सगळा लख्ख धुवायचो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पांढरट धुरकट. तीन-चार दिवसांनी ते आपोआप निवळायचं, मग महिनाभर टँक असा सुंदर की बघत बसावं, आणि मग परत साय. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी मी दुसऱ्याच कशाला तरी दोष दिला, एकदा लाईट एक तास कमी केला, एकदा खत बंद केलं (त्याने रोटाला पिवळी पडली, वेगळाच ताप), एकदा सीओटू वाढवला. शेवाळ मारायचं औषध सुद्धा आणलं होतं पण श्रिंप असल्यामुळे घातलं नाही, ते बरंच झालं.

पाचव्या वेळी मी ठरवलं की काहीही बदलायच्या आधी मोजायचं. काय काय मोजलं ते नीट लिहितो कारण हे कुणालाही घरी करता येतं आणि खर्च शून्य.

पहिलं, फ्लो. दहा लिटरची बादली घ्या, फिल्टरचा बाहेर येणारा पाईप बादलीत धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. ३६०० ला बादली भरायला लागलेल्या सेकंदांनी भागा आणि दहाने गुणा, तासाचा फ्लो मिळतो. फक्त एक काळजी घ्या, बादली टँकच्या काठाच्या उंचीवर हवी, टेबलावर स्टूल ठेवून त्यावर बादली ठेवली तरी चालेल. जमिनीवर ठेवलीत तर पाणी सायफनने खाली ओढलं जातं आणि आकडा फुगून येतो, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. नीट उंचीवर धरून मोजलं तर बादली भरायला २ मिनिटं ५१ सेकंद लागले. म्हणजे ताशी २१० लिटर. खोक्यावर १००० आणि हातात २१०! टँकचं पाणी तासाला जेमतेम सव्वा वेळा फिरत होतं, आणि मला नुसत्या डोळ्यांनी ते कळलंच नव्हतं, कारण फ्लो रोज थोडा थोडा कमी होतो आणि आपण रोजच बघत असतो.

दुसरं, फिल्टर साफ करायच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी अमोनियाची (माशांच्या घाणीतून होणारं विष) टेस्ट. आधी शून्य. दुसऱ्या दिवशी ०.५ पीपीएम. धुरकट पाणी कुठून येतं ते तिथेच कळलं.

तिसरं, ड्रॉप चेकर दोन ठिकाणी. (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी छोटी काचेची कुपी, हिरवा म्हणजे पुरेसा, निळा म्हणजे कमी.) नेहमी तो डिफ्यूझरच्या (सीओटूचे बारीक बुडबुडे सोडतो तो) बाजूला असायचा आणि छान हिरवा दिसायचा. दुसरा आणून समोरच्या कोपऱ्यात खाली लावला, अनुबियासच्या शेजारी. तो दुपारी तीनला सुद्धा निळा. (ड्रॉप चेकर तास-दोन तास मागे असतो, म्हणून लाईट लागल्यावर लगेच बघून काही कळत नाही, थांबून बघायचं.) आणि शेवाळ नेमकं त्याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त.

आता हे तिन्ही एकत्र ठेवलं की गोष्ट सरळ आहे. सीओटू हवेत जेवढा पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू पाण्यात पसरतो. म्हणजे पाणी हललं नाही तर सिलिंडर कितीही सोडा, पानापर्यंत तो पोचतच नाही. पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर थांबून राहतो, त्यातला सीओटू पानाने वापरला की तिथे परत यायला वाहतं पाणीच लागतं. आपल्या कोकणातल्या ओढ्यांमध्ये क्रिप्टो उगवते, सह्याद्रीत पाणथळ जागी रोटालाच्या जाती दिसतात, तिथे ओढ्यात पावसाळ्यात काय पाणी धावत असतं ते आठवून बघा. आणि सीओटू कमीजास्त होत राहिला, शिवाय पाण्यात कुजकी घाण साचली, की ते काळं शेवाळ धरतं हा बहुतेक सगळ्या प्लँटेडवाल्यांचा अनुभव आहे. फ्लो कमी झाला की पृष्ठभाग हलत नाही म्हणून साय धरते, साय धरली की हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट उतरत नाही, रात्री झाडं सुद्धा ऑक्सिजनच घेतात, म्हणून मासे पहाटे वर. आणि मग मी घाबरून फिल्टर नळाखाली घासून धुतला की क्लोरीनच्या पाण्याने फिल्टरमधले अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मेले, अमोनिया वर गेला, पाणी धुरकट. म्हणजे अर्धा प्रॉब्लेम फ्लो कमी झाल्याचा आणि उरलेला अर्धा मीच साफसफाई करून तयार केलेला.

मग प्रश्न असा की फ्लो ८०० लिटरने गेला कुठे. त्या रात्री मोरीत पसारा मांडून कॅनिस्टर उघडला. झाकण काढल्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास. वरच्या दोन टोपल्यांमध्ये सिरॅमिक रिंग (बॅक्टेरियाला राहायला) गच्च भरलेल्या आणि जवळजवळ पांढऱ्याशुभ्र, जणू कालच घातल्यात. सगळ्यात खालच्या टोपलीत फ्लॉस, म्हणजे तो पांढरा बारीक कापूस, तो तपकिरी होऊन ओल्या पापडासारखा चपटा झालेला, उचलला तर एकसंध वडीसारखा निघाला आणि खाली क्रिप्टोच्या पानांचा लगदा. आमच्या कॅनिस्टरमध्ये पाणी कडेने थेट तळाला जातं आणि तिथून टोपल्यांमधून वर चढतं. म्हणजे सगळी घाण सगळ्यात आधी त्या बारीक फ्लॉसवर येऊन आदळत होती आणि दोन आठवड्यांत तो बंद होत होता. दुकानातून भरून दिला तसाच मी वर्षभर वापरला, पाणी कुठून कुठे जातं ते कधी बघितलंच नाही. तुमचा कॅनिस्टर असेल तर आजच बघा. पाणी जिथे पहिलं शिरतं तिथे जाड छिद्रांचा स्पंज, मग मध्यम, मग रिंग किंवा लाव्हा रॉक, आणि फ्लॉस घालायचाच तर सगळ्यात शेवटी, पातळ आणि सैल.

दुसरी जागा पाईप. हिरवट पाईप आतून स्वच्छच दिसतात पण लांब ब्रश घालून ओढला तर अक्षरशः करड्या शेंबडासारखा गोळा बाहेर आला. तिसरी जागा इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरणारा पंखा, त्याच्या लोहचुंबकावर चिकट थर होता आणि पाकळ्यांत व्हॅलिस्नेरियाच्या पानाची एक पट्टी गुंडाळलेली. तो जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांत साफ होतो.

सगळं नीट लावून परत मोजलं तर ताशी ६२० लिटर. हा आकडा बघून नाराज होऊ नका, खोक्यावरचा १००० हा आत काहीही न भरता, मोकळ्या पंपाचा असतो. मीडिया (आत भरायचे स्पंज, रिंग वगैरे), पाईप, वळणं, लिली पाईप (काचेचे वळणदार पाईप) सगळं लावल्यावर साठ टक्के राहिला तरी फिल्टर ठीक आहे. आता मी इनटेकच्या (टँकमधून पाणी ओढणाऱ्या पाईपच्या) जाळीवर बाहेरून जाड स्पंज घातलाय, तो दर रविवारी पाणी बदलताना काढून त्याच बादलीतल्या टँकच्या पाण्यात पिळतो, दोन मिनिटांचं काम. पानं आणि गाळ तिथेच अडतो, कॅनिस्टरमध्ये जातच नाही. परवा सहावा आठवडा संपला, मोजलं तर ५०० लिटर. साय नाही, मासे खाली, आणि नवीन अनुबियासच्या पानांवर अजून एक काळा केस नाही. जुनी शेवाळ धरलेली पानं मी कापूनच टाकली, ती परत चांगली होत नाहीत, उगाच वाट बघू नका.

तर फिल्टर निवडण्याबद्दल माझं मत आता असं झालंय की दोनच प्रश्न विचारायचे. सहाव्या आठवड्यात यातून किती पाणी फिरेल, आणि आठवड्याला मला हात घालून साफ करायला हा किती सोपा आहे. मीडिया किती मावतो हा प्रश्न प्लँटेड टँकमध्ये तिसरा, कारण झाडं स्वतःच अमोनियम थेट खातात. नुसत्या माशांच्या टँकमध्ये सगळा भार बॅक्टेरियावर असतो, तिथे रिंगांनी भरलेला डबा कामाचा. आपल्याकडे भरपूर झाडं वाढत असतील तर फिल्टरचं पहिलं काम पाणी फिरवणं. मी माझ्या एका टोपलीतल्या अर्ध्या रिंग काढून टाकल्या, आता ती अर्धी रिकामी आहे, टेस्टमध्ये काही फरक पडला नाही आणि फ्लो वाढला. पण नवीन टँक असेल तर हे करू नका, पहिले चार ते सहा आठवडे बॅक्टेरिया तयार होत असतात, तोपर्यंत मीडिया असू द्या.

आता कुठला कुणासाठी. एक-दीड फुटी टँक, सीओटू नाही, श्रिंप आणि मॉस, तर स्पंज फिल्टर आणि एअर पंप घ्या आणि निश्चिंत व्हा. श्रिंपची पिल्लं ओढली जात नाहीत, उलट ती स्पंजवर चरतात. शक्य असेल तर दोन छोटे स्पंज लावा म्हणजे एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरा पिळता येतो, बॅक्टेरिया एकदम जात नाहीत. सीओटू लावलेला असेल तर मात्र बुडबुडे तो उडवून लावतात, तिथे नको.

दोन फुटीला, म्हणजे साधारण ५० लिटरला, हँग ऑन, म्हणजे टँकच्या मागच्या काठावर टांगायचा फिल्टर, माझ्या मते सगळ्यात सोयीचा. मागून हात घातला की स्पंज हातात येतो, म्हणून लोक तो खरंच साफ करतात. पाणी धबधब्यासारखं वरून पडू देऊ नका, टँक काठोकाठ भरलेला ठेवा म्हणजे पाणी सरकत आत जातं आणि सीओटू टिकतो. याचा एक दोष, लाईट गेली की काही मॉडेलमध्ये डब्यातलं पाणी उतरतं आणि लाईट आल्यावर पंप कोरडाच फिरत राहतो. घ्यायच्या आधी दुकानात भरलेल्या टँकवर लावून, स्विच बंद-चालू करून बघायला सांगा, लाजू नका.

आत बुडवायचा पॉवर फिल्टर स्वस्त पडतो आणि पाणी चांगलं ढकलतो, पण स्पंज छोटा असल्यामुळे आठवड्यालाच भरतो आणि झाडांमध्ये तो काळा डबा दिसत राहतो. मी तो मुख्य फिल्टर म्हणून नाही पण मोठ्या टँकमध्ये मेलेल्या कोपऱ्यात पाणी हलवायला जरूर वापरेन. झाकणावर बसणारा टॉप फिल्टर सुद्धा साफ करायला फार सोपा, पण अर्धा लाईट अडवतो, झाडांना तेच परवडत नाही. रेतीखालचा अंडरग्रॅव्हल फिल्टर सॉईलच्या टँकमध्ये अजिबात नको. सॉईल झिजून बारीक होतं, प्लेटखाली जातं, मुळं जाळीत अडकतात, आणि साफ करायचं तर अख्खा टँक मोडायला लागतो.

तीन फुटी आणि सीओटू असेल तर कॅनिस्टर. त्यात १६० लिटरला ताशी १००० लिहिलेला घेतलात तर प्रत्यक्षात ६०० मिळतील, हे धरूनच चला, म्हणजे आकडा बघताना टँकच्या सहापट नाही तर दहापट बघा. पाईपला दोन्ही बाजूंना नळ असावेत आणि ते हाताने सुटणारे असावेत, नाहीतर दर वेळी साफ करताना खोलीभर पाणी होतं आणि मग माणूस साफ करायचंच टाळतो. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. इम्पेलर आणि ते रबर सुटं मिळतं का हे सुद्धा विचारा, मिळत नसेल तर तो फिल्टर मी घेणार नाही, मग तो कितीही चांगला असू दे. पाणी पडण्याची दिशा सुद्धा महत्त्वाची, आउटलेट टँकच्या लांब बाजूने सोडा म्हणजे पाणी पुढच्या काचेवरून फिरून मागे येतं. मी आडवा सोडला होता म्हणून तो कोपरा मेलेला राहिला.

चार फुटाच्या पुढे सम्पचा (टँकखाली ठेवायची दुसरी टाकी, तीच फिल्टर) विचार करा, पण खाली पडताना पाण्यातला सीओटू उडतो, त्यामुळे ओव्हरफ्लो शांत आणि सम्प झाकलेला हवा. लाईट गेल्यावर वरचं पाणी सायफनने खाली येऊन घरात पूर येऊ नये म्हणून रिटर्न पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली बारीक भोक पाडतात आणि सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवतात. हे सेटअपच्या दिवशीच मेन स्विच बंद करून तपासा.

लाईटचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी बऱ्याचदा चार-पाच तास लाईट जाते. कॅनिस्टर बंद डबा असतो, पाणी थांबलं की आतले बॅक्टेरिया आहे तो ऑक्सिजन संपवतात आणि मग आत कुजायला लागतं. दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर लाईट येताच तसाच चालू होऊ देऊ नका, ते आतलं पाणी सगळं टँकमध्ये येतं. स्विच बंद करून ठेवा, आतलं पाणी ओतून द्या, टँकचं पाणी भरा, मग चालू करा. लाईट गेल्यावर मी पॉवर बँकेवर यूएसबीचा छोटा एअर पंप लावतो, माशांना तेवढा पुरतो. कॅनिस्टर इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साईन वेव्हचा हवा, साध्या स्क्वेअर वेव्हवर मोटर गुंजते आणि गरम होते.

आणि गुरुवारी पाणीपुरवठा बंद असला की शुक्रवारी सकाळी नळाला गढूळ, कमी दाबाने येतं, त्या दिवशी पाणी बदलू नका. पावसाळ्यात क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा अँटीक्लोरीन बादलीत आधी घालून मग पाणी टँकमध्ये. हे मला जुलैमध्ये दोन श्रिंप गमावून कळलं.

साफसफाईचा क्रम एकदा नीट सांगतो कारण धुरकट पाणी तिथूनच येतं. इनटेकचा स्पंज दर आठवड्याला. जाड स्पंज महिन्याने, टँकच्या काढलेल्या पाण्यात, तीन-चार वेळा पिळायचा, पांढरा करायचा नाही. रिंगला हात लावायचा नाही, फारच गाळ असेल तर टँकच्याच पाण्यात हलवून काढायच्या, आणि त्या आठवड्यात दुसरं काही धुवायचं नाही. फ्लॉस धुवून परत वापरू नका, फेकून नवीन घाला, गादीवाल्याकडचा साधा पांढरा पॉलिस्टर कापूस चालतो, फक्त त्याला रंग किंवा वास नको. ॲक्टिव्हेटेड कार्बन रोज ठेवायची गरज नाही, काही आठवड्यांत तो भरून जातो, औषध घातल्यावर ते काढायला म्हणून वापरा. यूव्ही (अतिनील दिवा) लावू का असं बरेच जण विचारतात, पाणी हिरवं झालं असेल तर यूव्हीने नक्की उतरतं, पण पानाला चिकटलेल्या काळ्या शेवाळाला त्याचा काही उपयोग नाही कारण ते पाण्यात तरंगतच नाही.

तुमच्याकडे हीच तक्रार असेल तर नवीन फिल्टर आणायच्या आधी बादली आणि घड्याळ घ्या. टँकच्या तीनपट तरी पाणी तासाला फिरत असेल आणि तरी काळं शेवाळ येत असेल तर दिशा बदलून बघा, ड्रॉप चेकर लांबच्या कोपऱ्यात लावा. तीनपटीच्या खाली असेल तर आधी पाईप, मग इम्पेलर, मग टोपल्यांचा क्रम, याच ओळीने जा आणि प्रत्येक कामानंतर परत मोजा. नुसते पाईप साफ केल्यावरच माझे जवळजवळ १५० लिटर वाढले होते. भिंतीवर कॅलेंडर आहे त्यावर मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बादलीचे सेकंद लिहितो, या महिन्याचा आकडा ७० आहे, ७५ झाला की उघडायचा.